तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला मिडी कीबोर्ड पेटीवाल्याला चालतो का?

सांगलीत घरच्याच एका खोलीत मी भजनी मंडळांची गाणी, शाळांच्या स्नेहसंमेलनाचे ट्रॅक, गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या जाहिराती असलं काहीबाही रेकॉर्ड करून देतो. येणाऱ्यांत पेटीवाले जास्त. काम झालं, चहा आला, की त्यातल्या एकाचं तरी बोट टेबलावरच्या छोट्या कीबोर्डकडे जातं. "हे असलं, दहा हजारांच्या आतलं घेतलं तर चालंल का ओ? का पैसे पाण्यात?"

चालेल. पण ते का चालतं हे आधी कळलेलं बरं. नाहीतर घेतल्यावर आठवड्याभरात फोन येतो, "अहो, आवाजच येईना की ह्यातनं!"

येणारच नाही, कारण त्यात आवाज नाहीच. पट्टी दाबली की यूएसबीच्या वायरीतून संगणकाकडे नुसते आकडे जातात: पट्टी कोणती, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्ट्यांचे नंबर ० ते १२७. पियानोच्या मधोमध येणारी पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. वहीत उतरवून घेतलेली सरगम स्वतः गात नाही, तसंच हे. जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने ही पद्धत, म्हणजेच मिडी, १९८३मध्ये बाजारात आली, आणि अजूनही कीबोर्ड याच आकड्यांत बोलतात. म्हणून जुना, दुसऱ्याच्या हातचा कीबोर्ड मिळाला तरी नाक मुरडू नका.

आवाज असतो तो संगणकात. सॅलॅमँडर नावाचा यामाहाच्या ग्रँड पियानोच्या आवाजांचा संच फुकट मिळतो. त्यातला आवाज खऱ्या पियानोवर वाजवून रेकॉर्ड केलेला आहे. तो सात हजारांच्या कीबोर्डवरून वाजवा नाहीतर सत्तर हजारांच्या, निघणार तेच रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचंही तसंच. रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, मॅकवर गॅरेजबँड फुकट, आणि पुष्कळ कीबोर्डांबरोबर एबलटन लाइव्हची लाइट आवृत्ती येतेच. मी रीपर वापरतो. कुठलंही घ्या, त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही.

स्वस्तातलं स्वस्तपण कळतं ते हाताला. त्यातही पेटीवाल्याच्या हाताला जास्त.

पेटीची पट्टी हळू दाबा की आपटा, सूर तेवढाच येतो. लहानमोठं करायचं काम भात्याचं, म्हणजे डाव्या हाताचं. मिडी कीबोर्डला भाता नाही. पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावरून तो जोर ठरवतो आणि १ ते १२७मधला आकडा पाठवतो. वर्षानुवर्षं बोटांच्या जोराकडे लक्षच द्यावं न लागलेला माणूस यावर पियानो वाजवतो तेव्हा एक सूर ४०वर येतो, पुढचा ११०वर. ऐकणाऱ्याला वाटतं, बुवा रागावलेत. शिवाय स्वस्त कीबोर्डांत हलक्या हाताचे बारकावे नीट पकडले जात नाहीत, मग फरक आणखीनच उघडा पडतो.

यावर दोन उपाय. पियानो वाजवायचा असेल तर बोटांना नव्याने शिकवावं लागेल, सुटका नाही. पण पेटी, बासरी, व्हायोलिनचा ताफा असलं काही वाजवायचं असेल तर बऱ्याच कीबोर्डांत जोर कायम ठेवायची सोय असते, ती चालू करा. मग सगळे सूर एकाच जोराने जातात. आणि डाव्या हाताला त्याचं काम परत द्या. कीबोर्डच्या डाव्या बाजूला मॉड्युलेशनचं चाक असतं. ते मुळात १ नंबरचा संदेश पाठवतं, त्याला ११ नंबर नेमून द्या. अकरा म्हणजे एक्स्प्रेशन, वाजत्या सुराचा आवाज कमीजास्त करणारा. (व्हायोलिनच्या काही संचांत हे काम १ नंबरकडेच असतं, तिथे काही बदलायला नको.) आता डावा हात चाकावर, उजवा पट्ट्यांवर. ज्यांनी आयुष्यभर भाता मारलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. पियानो शिकून आलेली मुलं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून बसतात आणि त्यांच्या व्हायोलिनला जीव येत नाही. या एका बाबतीत आपले भजनवाले त्यांच्या फार पुढे आहेत.

पट्ट्या किती, हा पुढचा प्रश्न. २५ पट्ट्या म्हणजे दोन सप्तकं. ट्रॅक बनवणाऱ्याला पुरतात, कारण सप्तक वरखाली करायचं बटण असतं. पण अभंगाची चाल मंद्रातून तारात गेली की मध्येच बटण दाबायला हात कुठून आणणार? त्यातून छोट्या कीबोर्डच्या पट्ट्याही अरुंद, पेटीला सरावलेली बोटं शेजारच्या सुरात जातात. पेटीवाल्याने पूर्ण रुंदीच्या ४९ पट्ट्याच घ्याव्यात. पॅड, दिवे, आठ नॉब नसले तरी चालेल.

सगळ्यात जास्त तक्रार मात्र वेगळीच असते: "वाजतंय, पण उशिरा." यात कीबोर्डचा दोष क्वचितच. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४चा तुकडा म्हणजे २३ मिलीसेकंद आणि २५६चा म्हणजे साधारण सहा. तेवीसला त्रिताल द्रुतात गेला की हात अडखळतो, सहाला कळतही नाही. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने बाहेर काढणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका आणि तुकडा लहान करा. फार लहान केलात तर आवाज तडतडेल, मग एक पायरी वर या. आणि ब्लूटूथचे इअरबड काढून ठेवा, आधी तेच काढा! त्यांची दिरंगाई कुठल्याही सेटिंगने जात नाही. वायरचा साधा हेडफोन लावला की निम्मे पेशंट जागेवर बरे होतात.

मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचं काय, हे जाणकार विचारतात. ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. आक्षेप असा की तिला मींड नाही आणि तिचे बारा सूर जागच्या जागी ठोकलेले. मींडेपुरतं उत्तर या कीबोर्डात आहे. पिच बेंडचं चाक साधारणपणे दोन स्वरांतरं जातं, म्हणजे सा वरून वर शुद्ध रे पर्यंत आणि खाली कोमल नी पर्यंत. सॉफ्टवेअरमधल्या वाद्यात ही मर्यादा सातवर नेली की सा ते प एका ओढीत येतं, पण चाक हुळहुळं होतं. मी पाचच्या पुढे जात नाही. श्रुतींचा, म्हणजे सुरांच्या जागांमधल्या बारीक फरकांचा आक्षेप राहतोच. सर्ज एक्सटी या फुकट सिंथमध्ये (संगणकावर आवाज घडवणाऱ्या वाद्यात) बारा सूर हवे तसे लावता येतात, पण त्यासाठी कान तयार हवा.

आता माझ्या फायद्याची गोष्ट. आमच्या रस्त्यावरून ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यावर कर्णा. माइकवर काही घेत असलो की तो टेक गेला. कीबोर्डवर घेत असलो तर ट्रॅक्टर खुशाल जावा, आकड्यांत कर्णा शिरत नाही. आणि काळी पाचमध्ये ट्रॅक तयार झाल्यावर गाणाऱ्या बाई म्हणाल्या, "आज घसा बसलाय, काळी चार धरूया," तर सगळे सूर निवडून दोन घरं खाली ढकलायचे, झालं. रेकॉर्ड केलेला आवाज असा ढकलला की त्याचा पोत बिघडतो, आकड्यांचं काही बिघडत नाही. फक्त तबल्याचा ट्रॅक ढकलू नका. तिथे नंबर म्हणजे बोल असतो, धा चा ना होऊन बसेल.

तंबोरा मात्र मी कीबोर्डवरून घेत नाही. शेजारी मिरज असताना कशाला? तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सतारमेकर गल्लीतला तंबोरा त्याआधीही तसाच वाजत होता. तेवढा एक माइकवर, ट्रॅक्टर नसताना. लावताना संगणकातल्या सुराशी लावून घ्यायचा, कारण सॉफ्टवेअर ४४०चा पांढरी सहा धरून चालतं आणि आपल्या जुन्या पेट्या बऱ्याचदा त्याच्या जरा वर नाहीतर खाली असतात. जुनी पेटीही सोबत असेल तर उलट करा, सॉफ्टवेअरलाच पेटीपर्यंत आणा.

घ्यायला जाल तेव्हा शक्यतो दुकानात जा. एकच पट्टी दहा वेळा, शक्य तितकी हळू दाबा आणि लॅपटॉपवर जोराचे आकडे बघा. ते २०-३०च्या आसपास राहिले तर ठीक, मध्येच ९० दिसला तर दुसरा मागा. कडेच्या पट्ट्या अडकत नाहीत ना तेही बघा. आणि डाव्या बाजूला खरं फिरणारं चाक हवं. काही स्वस्त मॉडेलांत त्याजागी बटणं असतात. ती पेटीवाल्याने घेऊ नयेत.