पन्हाळा ते पावनखिंड: पावसाळी वाट आणि कमरेची सुरी

पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायी जायचे असेल तर जुलैच निवडावा, असे कोल्हापूरकर आग्रहाने सांगतात. कारण १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज ज्या पावसात विशाळगडाकडे निघाले, तो पाऊस अंगावर घेतल्याखेरीज ही वाट कळत नाही. याच पावसात सामानातली प्रत्येक वस्तू कसाला लागते. म्हणून या लेखात मी वाटेइतकेच एका वस्तूविषयी लिहिणार आहे, आणि ती म्हणजे न मिटणाऱ्या, स्थिर पात्याची साधी, परवडणारी सुरी.

माझ्याजवळची सुरी स्वीडनमधील मोरा गावची आहे. त्या परिसरात सुऱ्या घडवण्याची परंपरा फार जुनी असून तेथील हे साधे मॉडेल जगभरचे भटके वापरतात. पाते साधारण १० सेंटिमीटर लांब, २.५ मिलिमीटर जाड आणि न गंजणाऱ्या पोलादाचे, मूठ रबरासारखी, ओल्या हातातून न निसटणारी, म्यान प्लास्टिकचे. माझ्या मित्राने मात्र कोल्हापुरातल्याच एका लोहाराकडून ट्रकच्या जुन्या पाट्याची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमधल्या पोलादी पट्टीची, सुरी घडवून घेतली होती. तिची पाठ माझ्या सुरीच्या दुप्पट जाड, आणि पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेले, दोन्ही बाजूंना लाकूड बसवून रिव्हेट मारलेले. दोन्ही सुऱ्या एकाच वाटेवर पारखता आल्या, हे या प्रवासाचे मोठे समाधान.

कोल्हापूरहून एसटीने पन्हाळा गाठला, गड उतरलो आणि चढ संपवून मसाई पठारावर आलो. जांभ्या खडकाचे हे पठार विस्तीर्ण आहे. धुके उतरले की पुढचा माणूस दिसेनासा होतो आणि वारा पाऊस आडवा मारतो. तेथे ताडपत्री बांधताना दोरी कापायची होती, आणि तेव्हाच मिटणाऱ्या चाकूची अडचण स्पष्ट झाली. आमच्यातील एकाच्या चाकूच्या बिजागरीत चिखल गेला होता, आणि गारठलेल्या बोटांनी पाते उघडता येत नव्हते. स्थिर पात्याच्या सुरीत उघडण्याचा प्रश्नच नसतो. म्यानातून काढली की ती कामाला तयार असते, आणि कापताना पाते बोटांवर मिटण्याची भीती नसते.

पुढे एका वाडीत मुक्काम केला. भाताची रोपलावण चालू होती आणि सोप्यात घोंगडी वाळत घातलेली होती. चुलीसाठी मिळालेली लाकडे बाहेरून ओली होती, पण मनगटाएवढे लाकूड उभे चिरले की आतला गाभा कोरडा निघतो. त्या गाभ्याचे पातळ, कुरळे तासे काढले तर पावसाळ्यातही आग धरते. लाकूड चिरण्याचे काम मित्राच्या जाड सुरीने उत्तम केले, कारण तिच्या पाठीवर दांडक्याने निर्धास्त ठोकता येत होते. माझ्या सुरीचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, त्यामुळे असे ठोकण्याचे काम तिच्याकडून बेतानेच घ्यावे. मात्र तासे काढण्यात तिच्या पातळ पात्याला तोड नव्हती. घरातले वयस्कर मामा बराच वेळ पाहत होते. "पाव्हणं, ह्या एवढ्याशा सुरीनं काय हुणार? कोयता घ्या की!" असे म्हणून त्यांनी ती हातात घेतली, धारेवरून आडवा अंगठा फिरवला आणि "धार मात्र बेस हाय" असा निर्वाळा दिला. त्यांचे म्हणणे योग्यच होते. ऊस किंवा फांदी तोडायला कोयताच हवा. सुरीचे काम वेगळे, बारीक आणि नेमके आहे.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी एक रेडकू दाव्यासकट करवंदीच्या जाळीत अडकलेले दिसले. दावे नायलॉनचे होते, ओढून ओढून गाठ आवळली गेली होती आणि ओढ्याचे पाणी चढत होते. एकाने रेडकाचे डोके धरले, मी पाते मानेपासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवून दावे कापले, आणि ते उठून वाडीकडे पळाले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठच्या गोठ्यांतली दावी रातोरात सोडावी लागली, हे या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. म्हणूनच माझे ठाम मत आहे की नदीकाठच्या प्रत्येक गोठ्यात, हाताला येईल अशा खुंटीवर, अशी एक म्यानबंद सुरी टांगलेली असावी. त्यासाठी महागडी वस्तू लागत नाही. चांगले पाणी दिलेले पोलाद, घट्ट मूठ आणि न निसटणारे म्यान एवढेच पाहावे.

कायद्याचेही भान हवे. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना शस्त्र मानले आहे. घरगुती व शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. आमच्या सुऱ्या याहून बऱ्याच लहान होत्या. तरीही सणासुदीला किंवा बंदोबस्ताच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश लागू असतात, तेव्हा लहान सुरीही कमरेला लावून गावातून हिंडू नये. एसटीत आम्ही दोन्ही सुऱ्या सॅकच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून ठेवल्या होत्या.

पावनखिंडीत बाजीप्रभूंच्या स्मारकापुढे नतमस्तक होऊन परतलो, तेव्हा मित्राच्या पात्यावर तांबूस डाग धरले होते. पाट्याचे पोलाद पाण्यात गंजणारच. कोरडे पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला की डाग थांबतात. कोल्हापुरात पोहोचल्यावर त्याने चप्पल लाइनमधील एका कारागिराकडे जाड चामड्याचे म्यान शिवायला टाकले. चामडे ओल धरते, म्हणून सुरी घरात म्यानाबाहेर, तेल लावून ठेवायची आणि निघतानाच म्यानात घालायची, असे त्या कारागिरानेच बजावून सांगितले.