आमची वाटचाल : तळाला भोकं कमी, तेवढी होडी सुरक्षित

सुरुवातीला आम्ही शिडाच्या होड्यांचं मिळेल ते काम करायचो. रंग, पॉलिश, फायबरची डागडुजी. थ्रू-हलच्या, म्हणजे तळातल्या भोकांत बसणाऱ्या फिटिंगच्या कामात उतरलो ते एका फटक्यानंतर.

एका पुरवठादाराने गनमेटल (खाऱ्या पाण्यात टिकणारा, मुख्यतः तांबं-कथिलाचा मिश्रधातू) म्हणून सीकॉक, म्हणजे थ्रू-हल बंद-चालू करायचे व्हॉल्व्ह, दिले. व्हॉल्व्ह गनमेटलचेच होते. होज बसतो ते टेलपीस मात्र साध्या पितळेचं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि भुसभुशीत, गुलाबी तांबं उरतं. आकार जसाच्या तसा राहतो, म्हणून नुसतं पाहून कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडा, गुलाबी दिसेल. हातोडीने हलकेच ठोका, खणखणीत वाजायच्या जागी बद्द आवाज येईल. होडी पाण्यात बांधून उभी असतानाच त्यातलं एक टेलपीस मोडलं. सीकॉक उघडा होता. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर दीड इंची भोक म्हणजे मिनिटाला साधारण 140 लिटर पाणी आत. तळाशी साचलेलं पाणी उपसणारा छोटा बिल्ज पंप कुठवर पुरणार? होडी बुडाली. पुरवठादाराने बिलावर नुसतं ‘फिटिंग’ लिहिलं होतं, त्यावर हात झटकले. भरपाई आम्ही दिली. दुकानाला कुलूप लागायचंच बाकी होतं. बिलावर धातूचं नाव लिहून घेतल्याशिवाय माल उचलू नका, हे आजही प्रत्येकाला सांगतो.

त्याच होडीच्या मालकांनी पुढची, 34 फुटी होडी आमच्याच हाती दिली. त्या विश्वासावर आम्ही उभे राहिलो. तिच्या तळाला पाण्याखाली 10 भोकं होती : कॉकपिट ड्रेन 2, सिंक, बेसिन, टॉयलेटचं येणारं आणि जाणारं, इंजिन, डेकवॉश (डेक धुण्याच्या पाण्याचं), लॉग (वेग मोजणारं), डेप्थ (खोली मोजणारं). साहेब म्हणाले, “जेवढी बुजतील तेवढी बुजवा.”

सहा ठेवली. सिंक आणि बेसिनचे होज एकेका कॉकपिट ड्रेनला जोडले. जोड होडी कलली तरी पाण्याच्या रेषेच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर समुद्र सिंकमधून वर येतो. डेकवॉश आणि टॉयलेटचं पाणी एकाच सीकॉकवर मॅनिफोल्ड, म्हणजे फाटे देणारा जोड, लावून घेतलं. लॉग आणि डेप्थ एकाच सेन्सरमध्ये. इंजिनची लाइन मात्र कुणाशीही वाटून घेऊ नये. दुसरीकडून हवा ओढली गेली की इंजिन तापतं.

बुजवणं म्हणजे बूच मारणं नव्हे. आधी ॲसिटोनने पुसून मेण काढायचं, मगच ग्राइंडर. जाडीच्या 12 पट उतार हवा : 12 मिलिमीटरच्या तळाला 50 मिलिमीटरचं भोक असेल तर सुमारे 34 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ घासावं लागतं. आतून मेण लावलेली पाटी टेकवायची आणि बायॲक्सियल (दोन दिशांना तंतू असलेलं) काचतंतूचं कापड इपॉक्सीत थरावर थर. पॉलिएस्टर जुन्या लॅमिनेटला तितकं धरत नाही. तळ सँडविच (फायबरच्या दोन थरांमध्ये हलका गाभा, म्हणजे कोअर) असेल तर भोकाच्या कडेचा कोअर खरवडून तिथे घट्ट इपॉक्सी भरायचं, नाहीतर एक गळती सगळा कोअर कुजवते. आम्ही हे मे महिन्यातच उरकतो. पावसाळी हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो. तो पाण्याने धुऊन न काढता पुढचा थर दिला की तो सुटतो.

ठेवलेल्या भोकांना आतून जी10 (काचतंतू-इपॉक्सीची टणक पाटी) ची बॅकिंग प्लेट, प्लायवूड नाही. व्हॉल्व्ह आणि थ्रू-हल दोघांचे आटे एकाच जातीचे हवेत. समांतर आट्यावर निमुळता चढवला तर दोन-तीन फेऱ्यांतच अडकतो, आणि घट्ट बसल्याचा भास होतो. टेलपीस लांब असेल तर प्रत्येक टोकाला दोन 316 स्टीलच्या क्लिपा. दर महिन्याला प्रत्येक हँडल उघडझाप करा, आतली कालवं खरवडा. होडी सोडून जाताना कॉकपिट ड्रेन वगळता सगळे सीकॉक बंद.

शेजारचे अजून लोकांना सांगतात की आम्ही भोक बुजवायला तीन दिवस लावतो आणि पैसे जास्त घेतो. ते मुलामा दिलेला पितळी व्हॉल्व्ह अर्ध्या दिवसात बसवून देतात. आमची किती गिऱ्हाइकं त्यांनी अशी तोडली! तीच गिऱ्हाइकं दुसऱ्या-तिसऱ्या मोसमात गुलाबी पडलेलं टेलपीस हातात घेऊन आमच्या दारात येतात.

साहेबांची होडी आजही आमच्याकडेच येते. प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी, फिटिंग मोडलं तर भोकात ठोकायला, दोरीने बांधलेली असते, आणि दर मेमध्ये ती आम्ही बदलतो.