फोर बाय फोरची शाळा: मावळातल्या पहिल्या प्रशिक्षणाची नोंद

मागची नोंद टायरच्या निवडीवर होती. या वेळची नोंद प्रशिक्षणाची आहे. ऑफ-रोडिंगचं, म्हणजे फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी रस्ता सोडून चालवायचं, प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण झालं आणि आता माझं मत पक्कं झालंय: नवीन थार, जिम्नी किंवा गुरखा दारात आली की लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), लाइट बार, विंच (दोराने ओढणारं यंत्र) या कशालाही हात लावण्याआधी हे शिकून घ्यावं.

जागा पवन मावळातली, खाजगी मालकीची. वरच्या अंगाला मुरुमाचा चढ, मध्ये कातळ, खाली भातखाचरं संपतात तिथे चिकण माती आणि पलीकडे ओढा. ऑक्टोबर सरत आला होता, त्यामुळे जमीन वरून कोरडी दिसत होती पण आत चांगली ओल होती. माझी गाडी डिझेल मॅन्युअल थार. बरोबर आणखी एक-दोन थार, एक जिम्नी आणि एक गुरखा.

सकाळचा बराच वेळ कुणीच गाडी चालवली नाही. प्रशिक्षक सरांनी आधी सगळ्यांना गाडीखाली डोकवायला लावलं. सगळ्यात खाली काय लोंबतंय, कुठला पाइप उघडा आहे, डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा नेमका कुठे येतो. थारचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर) 226 मिमी हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण ते अंतर गाडीखाली सगळीकडे सारखं नसतं, हे आडवं पडून पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. थारला मागे सलग (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा असलेला) अॅक्सल आहे. मागचं एक चाक दगडावर चढलं की अॅक्सल तिरका होतो आणि त्याच्याबरोबर गोळाही थोडा वर उचलला जातो. पुढे मात्र स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे चाक वर जातं, पण गाडीचं पोट आहे तिथेच राहतं आणि मधली जागा उलट कमी होते. जिम्नी आणि गुरखाला पुढेही सलग अॅक्सल आहे. एकाच दगडावरून या तीन गाड्या तीन वेगळ्या तऱ्हेने का जातात, ते मला गाडीखाली पडल्यावर कळलं.

यातूनच पहिला नियम: दगड दोन चाकांच्या मधून घ्यायचा मोह टाळायचा, त्याच्यावर चाक चढवायचं.

मग लिव्हर. 2एच (मागच्या दोनच चाकांना जोर), 4एच (चारही चाकांना), न्यूट्रल, 4एल (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर). आपल्या या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. 4एचमध्ये पुढे आणि मागे जोर नेणारे दोन्ही शाफ्ट एकत्र बांधलेले असल्यामुळे हा फरक कुठेतरी जिरायला हवा, आणि मुरूम किंवा चिखलात तो चाक घसरून जिरतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग ताण ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) आणि शाफ्टमध्ये साठत जातो. घाटात पाऊस नसताना 4एच लावून फिरणाऱ्या मित्रांनी हे जरूर वाचावं. 4एल लावताना गाडी पूर्ण थांबवायची. थारमध्ये लो रेंजचं गुणोत्तर 2.48 आहे, म्हणजे त्याच गिअरमध्ये वेग अडीचपटीने कमी आणि चाकावरचा जोर तितकाच जास्त.

टायरमधली हवा कमी करण्याला आमच्याकडे उगाच शेवटचा उपाय समजतात. इथे ते पहिलं काम होतं. रस्त्यावर मी 32 पीएसआय ठेवते, ती 20 वर आणली. टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते, आणि कातळावर पोटात बसणारे धक्केही मऊ होतात. फार खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो. आणि डांबरावर परतायच्या आधी हवा भरायलाच हवी, त्यामुळे कॉम्प्रेसर नसेल तर हवा काढूही नये.

दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग होता आडव्यातिडव्या खड्ड्यांचा पट्टा. एकाआड एक असे खणलेले की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदमच अधांतरी व्हावं. उघडं (लॉक नसलेलं) डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. पुढेही तेच, मागेही तेच. नावाला फोर बाय फोर, आणि गाडी जागची हलत नाही.

इथून पुढे प्रत्येक गाडीची भाषा वेगळी. माझ्या थारला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. डाव्या-उजव्या चाकाच्या वेगात पुरेसा फरक पडला की ते आपोआप जुळतं म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधतं, स्पष्ट आवाज येतो आणि गाडी निघते. पण त्यासाठी चाक थोडं फिरू द्यावं लागतं. चाक फिरायला लागलं की पाय उचलायची आपली रस्त्यावरची सवय, आणि नेमकी तीच इथे आडवी येते. सर बाजूला उभे राहून एवढंच म्हणत होते, "ताई, पाय तिथेच ठेवा. गाडीला तिचं काम करू द्या." जिम्नी फिरणाऱ्या चाकाला स्वतः ब्रेक लावून दुसरीकडे जोर पाठवते, तिलाही असाच स्थिर अॅक्सिलरेटर लागतो. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे चालकाने स्वतः लावायचे लॉक आहेत. ते खड्ड्यात शिरण्याआधी लावायचे आणि वळण येण्याआधी सोडायचे. ती गाडी या पट्ट्यावरून ज्या शांतपणे गेली ते बघण्यासारखं होतं.

आणि प्रत्येक वेळी आधी पायी जायचं. कोणतं चाक कुठे पडणार हे चालतानाच ठरवायचं, परत यायचं, मग बसायचं. स्टिअरिंगचं काम म्हणजे चालताना ठरवलेलं पार पाडणं. हे या प्रशिक्षणाचं सार मला वाटतं, आणि चढ, पाणी, रुतलेली गाडी या सगळ्यांना ते लागू पडलं.

चढावर तर फारच. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे जेमतेम दीड अंशाचा, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात. आमच्या पुढचा मुरुमाचा चढ 25 अंशांच्या आसपास होता. चालत वर गेल्यावर दिसतं की माथ्यापलीकडे लगेच डावीकडे वळायचंय. गाडीत बसून ते दिसणं शक्यच नाही, तिथे काचेत फक्त आकाश असतं. सुट्या मुरुमावर 4एलचा पहिला गिअर नको, जोर जास्त होऊन चाकं उकरतात. दुसरा लावून एकाच लयीत जायचं. कातळावर मात्र पहिलाच.

मग अर्ध्या चढावर मुद्दाम गाडी बंद पाडून परत यायचा सराव. हा मी सगळ्यात जास्त वेळा मागून घेतला. क्रम असा: फूटब्रेक घट्ट, हँडब्रेक वर. क्लच दाबून रिव्हर्स, लिव्हर 4एलमध्येच. इंजिन सुरू. स्टिअरिंग सरळ आहे ना ते बघायचं. हँडब्रेक सोडायचा, क्लच सावकाश पूर्ण सोडायचा, गिअरने गाडी धरली की मगच फूटब्रेकवरचा पाय हलका करायचा. खाली येईपर्यंत क्लचला हात... म्हणजे पाय लावायचा नाही. उलटं येताना पुढची चाकं चढाच्या बाजूला आणि हलकी असतात. जोरात ब्रेक मारला तर ती जाम होतात, स्टिअरिंग ऐकेनासं होतं आणि नाक बाजूला वळू लागतं. गाडी चढावर आडवी झाली की ती उलटू शकते. "वळवून घेऊ या" हा विचार मनात येणार हे धरूनच सरांनी हा क्रम इतका घोटवून घेतला की शेवटी पाय आपापली जागा घ्यायला लागले.

उतारावर 4एल, पहिला गिअर, दोन्ही पाय मोकळे. हिल डिसेंट (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग राखणारी सोय) आधी बंद ठेवून शिकवलं, ते बरं झालं. मागची बाजू सरकू लागली तर किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा; मनाला पटायला वेळ लागतो, पण खरंच गाडी सरळ होते. आडव्या उतारावरून जाणं मला अजून आवडत नाही. गाडी कलली की स्क्रीनवरचा आकडा आणि पोटातली भावना यांचा मेळ बसत नाही. घसरली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने, एवढं पक्कं लक्षात आहे. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा जातो.

ओढ्यात आधी काठी घेऊन माणूस उतरला. थारची पाण्याची मर्यादा 650 मिमी सांगितली आहे, पण ती सपाट तळाच्या, शांत पाण्यासाठी धरायची. तळातला एक खड्डा सगळं गणित बदलतो. शिरताना हळू, मग पुढे तयार होणारी लाट राखून सारख्या वेगाने, मध्ये गिअर बदलायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं आणि आत पाणी गेल्याची शंका असली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर हलके ब्रेक मारून ते वाळवायचे.

गाडी काढण्याच्या भागासाठी एक थार चिकण मातीत मुद्दाम रुतवली. आपल्याकडे गाडी अडकली की पहिला आवाज ट्रॅक्टरवाल्या दादांना आणि दुसरा साखळीला. दादा देवासारखे धावून येतात हे खरं, पण साखळी किंवा वायररोप ताणाखाली तुटला तर माणूस जातो. म्हणून आधी फावडं. चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढली, हवा आणखी उतरवली, चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या फळ्या) सारले, आणि गाडी दोराविनाच बाहेर आली. दोर नंतर शिकवला. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणतो आणि ती शक्ती साठवून गाडी उपसतो. पॉलिएस्टरचा पट्टा ताणत नाही, तो फक्त सावकाश ओढण्यासाठी. दोराच्या जागी पट्टा वापरून झटका दिला तर हूक उखडतो. ट्रेलरच्या टो-बॉलला दोर कधीही अडकवायचा नाही. दोरावर मधोमध जड कांबळं टाकायचं आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब पाठवायचं. गावात हे काम सगळ्यात अवघड. चालकाला खुणा एकाच माणसाने करायच्या, आणि तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

जागेबद्दल एक गोष्ट मनापासून. हे सगळं मालकाच्या परवानगीने, ठरलेल्या जमिनीवर झालं. सड्यांवर (कातळी पठारांवर) गाड्या घालू नका. कास पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे म्हणून तिथे पहारा आहे, पण तसेच कितीतरी बिननावाचे सडे आहेत, त्यांच्यावर बोटभर मातीत वर्षाची फुलं उगवतात. चाकोरी एकदा पडली की पुढच्या पावसात तिची घळ होते. किनाऱ्यांचंही तेच. कोकणात वेळास, आंजर्ले या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात, आणि ती वरून दिसत नाहीत.

खरेदी एवढीच केली: चांगला प्रेशर गेज, कॉम्प्रेसर, घडीचं फावडं, सॉफ्ट शॅकल (दोराची कडी) आणि कायनेटिक दोर. दोराची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट घ्या, असं सरांनी सांगितलं. पुढचा टप्पा आडव्या उताराचा आणि खुणा करण्याचा आहे. तोवर एक विचारायचंय: डिझेल थारवाल्यांपैकी कुणी मागच्या बाजूला वेगळा रिकव्हरी पॉइंट (ओढायचा दोर अडकवायची जागा) चासिसला बसवून घेतलाय का? बोल्ट कुठे घेतले आणि डिपार्चर अँगलला (गाडीचा मागचा भाग न घासता उतरता येईल त्या कोनाला) किती फटका बसला, ते मोजून कळवा.