हरमुखच्या पायथ्याशी तीन रात्री

झेलम एक्सप्रेस झेलम नदीपर्यंत जात नाही. संध्याकाळी पुणे स्टेशन सोडते, दोन रात्री गाडीत काढल्या की सकाळी जम्मूला तावी नदीच्या गावात उतरवते आणि तिथेच थांबते. ‘झेलम’ हे नाव मी नदीच्याही आधी गाडीचं म्हणून ऐकलं. यंदा ऑगस्टमध्ये त्याच गाडीत बसले, पण या वेळी त्या नावामागचं पाणी बघायचं ठरवून. झेलमचा उगम वेरीनागला आहे. तिला पुढे सिंध नावाची मोठी उपनदी मिळते (ही सिंधू नव्हे), आणि त्या सिंधला येणारं काही पाणी हरमुख पर्वताच्या हिमनद्यांमधून, गंगाबल आणि नुंदकोल या दोन तळ्यांतून खाली उतरतं. मला त्या तळ्यांच्या काठावर राहायचं होतं.

सोबत माझा भाचा होता. वय पंचवीस, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला, पायात वारं भरलेलं. त्याला सोनमर्गहून सुरू होणारा सात-आठ दिवसांचा मोठा ट्रेक करायचा होता : निचनई खिंड, विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, शेवटी गंगाबल आणि नारानागला उतरायचं. सत्तर किलोमीटरच्या आसपासची वाट, अतिशय सुंदर. मी तिच्या वाटेला गेले नाही याचं कारण एकच. त्या कार्यक्रमात गंगाबल शेवटाला येतं. माणसं दुपारी दमून पोहोचतात, फोटो काढतात, झोपतात आणि सकाळी उतरायला लागतात. राजगडावर पाली दरवाज्याने चढून गुंजवण्याने लगेच उतरलं, तर संजीवनी आणि सुवेळा माची कधी बघायची? मी भाच्याला म्हटलं, “सात तळी तू पुढच्या वर्षी कर. या वेळी माझ्याबरोबर एकाच तळ्याला वेळ दे.” तो म्हणाला, “मावशी, तीन दिवस एकाच ठिकाणी करायचं काय?” उत्तर तेव्हा माझ्याकडेही नव्हतं.

श्रीनगरहून गांदरबल, कंगन करत नारानागला पोहोचायला गाडीने दोन-अडीच तास पुरतात. गाव वांगथ नाल्याच्या काठी, साधारण एकवीसशे मीटरवर. इथे दगडी मंदिरांचे दोन समूह आहेत, आठव्या शतकातल्या ललितादित्य राजाच्या काळाशी जोडलेले. शिखरं पडलेली, भिंतींचे प्रचंड चिरे मात्र जागच्या जागी. मागे झऱ्याचं कुंड आहे, तेही दगडी बांधणीचं. कल्हणाने बाराव्या शतकात राजतरंगिणी लिहिली, तिच्यात या क्षेत्राचा उल्लेख भूतेश्वर म्हणून येतो. कुंडातल्या पाण्यात हात घातला आणि एकदम सिंहगडावरचं देवटाकं आठवलं. तोच गारवा, दगडाच्या कडेला तसंच शेवाळ.

दुसऱ्या दिवशीची चढण खडी आहे, हे स्पष्टच सांगते. नारानाग ते गंगाबल अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आणि उंचीत फरक चौदाशे मीटरहून जास्त, म्हणजे पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड एकावर एक दोनदा तरी चढण्यासारखं. त्यातला निम्म्याहून जास्त चढ पहिल्या चार तासांतच, देवदार आणि फरच्या रानातून, नागमोडी वाटेने. दर रविवारी गड चढणाऱ्याला पायांची भीती नाही, पण दम वेगळा लागतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर. गंगाबल ३,५७५ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. म्हणून आम्ही एका दमात वर गेलो नाही. मध्ये त्रुंखोलच्या कुरणावर मुक्काम केला. बरेच जण हा टप्पा गाळतात. माझं मत असं, की पायांत कितीही ताकद असली तरी ही रात्र गाळू नये. भाचा शेवटचा तासभर धावत सुटल्यासारखा चालला आणि संध्याकाळी डोकं धरून बसला. पाणी पीत राहणं, गरम सूप आणि वर न जाणं, एवढ्यावरच सकाळपर्यंत उतार पडला.

झाडांची रांग संपायच्या आधी भूर्ज लागतात. पांढरट सालीचे, बर्फाच्या ओझ्याने बुंध्यापाशी वाकलेले. सालीचे पापुद्रे आपोआप सुटून वाऱ्यावर हलत असतात. मी एकाही झाडाची साल ओढली नाही, नुसती बोटाने चाचपून पाहिली. जॉर्ज ब्यूलर हा जर्मन संस्कृत अभ्यासक १८७५ मध्ये काश्मीरात फिरला आणि त्याने जमवलेली हस्तलिखितं पुण्याला आली. ती आज विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत आहेत, आणि त्यांत भूर्जपत्रावर, म्हणजे याच सालीवर, शारदा लिपीत लिहिलेलं ऋग्वेदाचं हस्तलिखितही आहे. त्या रस्त्यावरून इतक्या वेळा गेले, पण त्या पानांचं झाड कसं उभं असतं ते पन्नाशी उलटल्यावर पाहिलं. तिथून पाय निघेना.

त्रुंखोलच्या वर उंच झाडी नाही. गवत, ओढे, गुज्जर आणि बकरवाल या मेंढपाळांची मातीची धाब्याची घरं, मेंढ्या आणि मोठाले कुत्रे. कळपाजवळून जाताना थांबायचं, मालकाला हाक मारायची आणि त्याने कुत्र्याला आवरलं की मगच पुढे जायचं. दुपारी नुंदकोलला पोहोचलो. हे तळं धाकटं, सव्वा किलोमीटरभर लांब, पण हरमुख त्याच्या अगदी डोक्यावर उभा आहे. ५,१४२ मीटर. काळ्या कातळावर लोंबती हिमनदी, आणि मधूनच तिचा तुकडा सुटून गडगडल्याचा आवाज. आवाज कानावर पडेपर्यंत तुकडा थांबलेला असतो. तिथे तंबू लावला आणि तीन रात्री हलवला नाही.

पहिल्या पूर्ण दिवशी गंगाबल. दोन तळ्यांच्या मध्ये हिमनदीने कधीकाळी आणून टाकलेल्या दगडमातीचा उंचवटा आहे. अर्ध्या तासाची चढउतार केली की समोर एवढं पाणी येतं, की नजर एका दमात पलीकडे पोहोचत नाही. लांबी अडीच किलोमीटरच्या वर, रुंदी जेमतेम एक. हिमनदी खडक घासते, त्याचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर पडलेला उजेड निळा-हिरवा होऊन परततो. सकाळी सातला ते शाईसारखं गडद होतं, अकराला मोरपिशी, ढग आले की शिशासारखं. गंगाबलचं पाणी नुंदकोलमध्ये उतरतं, तिथून वांगथ नाल्यात. त्या जोडओढ्याच्या काठाने चालत गेलं तर दोन्ही तळी एकाच पाण्याची आहेत हे पायांना कळतं.

तळ्याला प्रदक्षिणा घालायचा विचार होता. कुरणाच्या बाजूचा काठ सोपा : गवत, मेंढ्यांच्या पायवाटा, जांभळी-पिवळी फुलं. हरमुखच्या बाजूला मात्र मोठमोठ्या धोंड्यांची रास आणि मध्ये मध्ये सुटा घसारा. सह्याद्रीतल्या नाळेत धोंडे पावसाने, मातीने थोडेफार बसलेले असतात. इथले कालपरवा वरून आल्यासारखे डगमगतात. त्यात दुपारी धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. भाचा दोन धोंडे पुढे होता. तो स्वतःहून थांबला आणि म्हणाला, “मावशी, इथून मागे.” कोर्समध्ये त्याला दोरी, बर्फकुऱ्हाड, क्रॅम्पॉन सगळं शिकवलं असेल. पण त्या दिवशी मला त्याच्या शिक्षणाची खरी किंमत या दोन शब्दांत कळली. आलो त्याच काठाने परतलो. प्रदक्षिणा अर्धीच झाली.

संध्याकाळी चूल पेटल्यावर घोडेवाल्या चाचांनी हरमुखची गोष्ट सांगितली. काश्मीरात ती पुष्कळांना माहीत आहे. एक साधू बारा वर्षं शिखरावर जायचा प्रयत्न करत होता. रोज चढे, रात्री झोपे आणि सकाळी पाहावं तर पायथ्याशीच. एक दिवस वरून एक गुराखी उतरून आला, हरवलेली बकरी शोधत तो थेट माथ्यावर गेला होता. तिथे एक जोडपं गाय पिळून कवटीतून दूध पीत होतं. त्यांनी ह्यालाही देऊ केलं, ह्याने नाकारलं, तेव्हा त्यांनी थोडं त्याच्या कपाळाला लावलं. साधूने ते ऐकलं मात्र, गुराख्याच्या कपाळावरचं दूध चाटलं आणि तिथल्या तिथे दिसेनासा झाला. चाचा शेवटी एवढंच म्हणाले, “बकरी तो उसको मिली नहीं.” भाचा रात्री उशिरापर्यंत त्या बकरीबद्दल बोलत होता.

शिखरावर माणसं नंतर गेली. श्रीनगरात काम करणारे मिशनरी डॉक्टर अर्नेस्ट नीव्ह आणि जेफ्री मिले १८९९ मध्ये माथ्यावर पोहोचले. पण मला त्याच्याही आधीचं १८५६ साल जास्त ओढतं. त्या वर्षी सर्वेक्षण खात्याच्या टॉमस माँटगोमरीने हरमुखवरच्या आपल्या ठाण्यावरून दुर्बीण उत्तरेला लावली. सुमारे दोनशे किलोमीटरवर काराकोरमची दोन ठळक शिखरं दिसली. त्याने त्यांची आकृती काढली आणि खुणेसाठी लिहिलं, के१ आणि के२. के म्हणजे काराकोरम. के१ला माशरब्रुम हे नाव आधीपासून होतंच. के२ला दुसरं नाव चिकटलं नाही, आणि जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या, ८,६११ मीटर उंच पर्वताला आजही सारे त्या वहीतल्या खुणेनेच ओळखतात. पुण्यात आम्ही कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या वाटेला ‘के टू एस’ म्हणतो. तेरा टेकड्या ओलांडताना शेकडो वेळा उच्चारलेली ती अक्षरं नुंदकोलच्या काठावर वेगळीच ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी जाजिबल खिंडीच्या दिशेने चढलो. सातसरकडून मोठा ट्रेक करणारे याच खिंडीतून उतरतात, आम्ही उलट गेलो. चढ अंगावर येतो, वाट मातीची आणि निसरडी, दर वीस पावलांना थांबणं आलंच. खिंड चार हजार मीटरच्या आसपास आहे. वर पोहोचल्यावर मी आधी खाली बसले आणि मग पाहिलं. एका नजरेत गंगाबल, नुंदकोल, मधला उंचवटा, दोघांना जोडणारा पांढरा ओढा आणि वर अख्खा हरमुख. दोन दिवस जे पायांखालून तुकड्यातुकड्याने गेलं होतं, ते तिथे जागच्या जागी बसलं. काल धुक्यात कुठून मागे फिरलो तो धोंड्यांचा पट्टाही दिसत होता. पुढे जाण्यासारखी जागा खरंच नव्हती. भाच्याने बराच वेळ कॅमेरा काढला नाही. मग म्हणाला, “अजून एक दिवस असता तर त्या पलीकडच्या धारेवर गेलो असतो.”

जाणार असाल तर : जुलै ते सप्टेंबरचा पूर्वार्ध चांगला, त्याआधी खिंडीत बर्फ असतो. पीर पंजालच्या आडोशामुळे आपल्यासारखा पाऊस तिथे नसतो, पण दुपारची गडगडाटी सर येते, म्हणून खिंड सकाळीच गाठावी. रात्री ऑगस्टमध्येही कडाक्याची थंडी पडते. ओळखपत्राची तपासणी होते, मूळ प्रत जवळ हवी. तळ्यात ट्राउट आहेत, इंग्रजांच्या काळात काश्मीरात आणलेल्या माशांचा वंश, पण परवान्याशिवाय गळ टाकू नये. आणि काठावर साबण वापरू नका. काश्मिरी पंडितांच्या पिढ्यांनी इथे आपल्या माणसांच्या अस्थी सोडल्या, भाद्रपदातल्या गंगाष्टमीला इथवर यात्रा येते. माझ्या डोळ्यांदेखत कुणी त्या पाण्यात पातेली घासत होतं. मी जाऊन हात जोडून सांगितलं, त्यांनी ऐकलंही. प्लॅस्टिकची दोन पोती आम्ही घोड्यावर लादून खाली आणली.

परतताना गाडी मुद्दाम शादीपूरला वळवली. इथे सिंध झेलमला मिळते. संगमात दगडी चौथऱ्यावर एकटा चिनार उभा आहे, पंडित या जागेला प्रयाग म्हणतात. सिंधचं पाणी गार आणि करडं, झेलमचं संथ, मातकट. बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालल्यासारखी दिसत होती. तेवढ्यात आईचा फोन आला. पुण्यात चार दिवस पाऊस थांबलेला नाही, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली गेलाय. “तुमच्याकडे कसं आहे?” तिने विचारलं. मी फोन नदीकडे धरला.