वोकिंगच्या शांतिबागेचं मॉडेल: भिंत उभी राहिली, आता भूर्ज

मंडळी, मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलंय. चारही बाजूंची भिंत उभी आहे, प्रवेशद्वारावरचा घुमट बसलाय आणि आतली जागा कोणत्या काळातली दाखवायची, तेही ठरलंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंग गाव आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांवर ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये आणि आसपासच्या इस्पितळांत उपचार व्हायचे. त्यांतल्या मुसलमान सैनिकांचं दफन नीट रीतीने होत नाही, असा प्रचार जर्मनीने चालवला होता. त्याला उत्तर म्हणून १९१५ ते १९१७ या काळात इथल्या हॉर्सेल कॉमन या माळरानावर तटबंदी असलेलं कबरस्तान बांधलं गेलं. १८८९ची शाहजहान मशीद जवळच होती. दोन्ही महायुद्धांतले मिळून २७ सैनिक इथे पुरले गेले. पुढे नासधूस होऊ लागली, म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यांचे अवशेष ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवले. मागे उरली नुसती भिंत आणि आत माजलेलं रान. १९८४मध्ये ही वास्तू संरक्षित यादीत आली, तरी तिथे त्या सैनिकांच्या स्मरणार्थ शांतिबाग व्हायला २०१५चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

मॉडेलला तीन पर्याय होते: कबरी असलेलं १९१७, ओसाड काळ किंवा आजची बाग. बऱ्याच जणांनी ओसाड काळ सुचवला, कारण मोडकळीवर रंगकाम छान खुलतं. मला ते पटलं नाही. त्या जागेची उपेक्षा पुष्कळ झाली आहे, आपण तिचं प्रदर्शन मांडायला नको. म्हणून बागच करतोय. पण भिंत मात्र शंभर वर्षं पाऊस खाल्लेली दिसली पाहिजे.

त्या भिंतीबद्दल सांगतो, सगळ्यात जास्त वेळ तिनेच घेतला. इंग्लंडच्या विटेचा थर सांध्यासकट सुमारे ७५ मिमी असतो, म्हणजे १:५०ला (खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढ्या मॉडेलवर) दीड मिमी. पाच मिमी सनबोर्डचा वरचा कागद सोलला आणि आतल्या फोमवर रिकाम्या रिफिलच्या टोकाने पट्टी धरून आडव्या रेघा ओढल्या. उभे सांधे मात्र हाताने, एकेक. छापील विटांचा कागद मिळतो, पण त्यावर उजेड तिरपा पडला की सगळं सपाट दिसतं. रंग एकच विटकरी नाही: आधी फिका नारिंगी, मग काही विटा वेगळ्या काढून तपकिरी आणि जांभळट, शेवटी राखाडी रंगाचा पाण्यासारखा पातळ हात, म्हणजे वॉश. पायथ्याशी हिरवट झाक दिलीय, कारण ओल तिथूनच चढते. घुमट शाडूत घडवला, वाळल्यावर सँडपेपरने घासून प्रायमर दिला.

आता झाडं. बागेत सत्तावीस सैनिकांसाठी हिमालयातले सत्तावीस भूर्ज लावले आहेत. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तोच हा वृक्ष. मला तयार झाडांचं पाकीट मागवायचा सल्ला मिळाला होता. पण ही झाडं माणसांच्या जागी उभी आहेत, ती एका साच्यातली असून चालणार नाही. म्हणून प्रत्येक झाड वेगळं वळतोय. विजेच्या वायरमधली तांब्याची तार पिळून खोड आणि फांद्या, त्यावर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर आडवा गुंडाळायचा, कडा थोड्या सुट्या ठेवायच्या. सुकल्या की त्या सालीसारख्या उचलून येतात. पांढऱ्या रंगावर बारीक आडव्या तपकिरी रेघा दिल्या की खोड जिवंत वाटतं. ऋतू नोव्हेंबरचा धरलाय. पानं गळालेली असल्याने खोड पूर्ण दिसतं, आणि बाग खुली झाली तोही नोव्हेंबरच.

हेदर या माळरानावरच्या बुटक्या झुडपांसाठी काथ्या बारीक कापून रंगवलाय. मधल्या लांबट जलाशयात पाणी म्हणून दाखवायचं पारदर्शक रेझिन मात्र पाऊस संपल्याशिवाय ओतणार नाही; पुण्याच्या या दमट हवेत ते धुरकट होतं.

अडलंय ते नावांपाशी. स्मृतिशिळेवर सगळ्या सैनिकांची नावं आहेत. पण खऱ्या शिळेवरचं अक्षर दोन सेंटिमीटरचं धरलं, तरी मॉडेलवर ०.४ मिमी उरतं. नुसत्या रेघा मारून अक्षरांचा भास करणं मला मान्य नाही. सध्याचा विचार असा: शिळा कोरी ठेवायची आणि मॉडेलच्या पुढच्या कडेला, उभ्याने वाचता येतील अशा अक्षरांत, सगळी नावं लावायची. पितळी पट्टीवर घरच्या घरी अक्षरं कोरायची रीत कुणी वापरली असेल, तर नमुन्याचा फोटो जरूर टाका. प्लायवुडचा पाया कापायच्या आत कडेची रुंदी ठरवायची आहे.