आमची वाटचाल : एक राहून गेलेली ओळ

दादरला जिन्याखालच्या खोलीत आम्ही दोघांनी सोसायट्यांचे हिशेब घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मेंटेनन्सची बिलं वॉचमन दारोदार टाकायचा. मग मेंबर ईमेल मागू लागले. एकेक पीडीएफ जोडून पाठवण्यात प्रत्येक तिमाहीचे चार दिवस जायचे. फ्लॅट, नाव, ईमेल, थकबाकी, सगळे रकाने माझ्या एक्सेल शीटमध्ये होतेच. भागीदाराने एका रात्रीत मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. दुसऱ्या ओळीपासून खाली सरकत जायचं, आउटलुकात मेल उघडायचा, बिल जोडायचं, सेंड. आम्ही खुर्च्या ओढून नुसते बघत बसलो.

पुढे काही मेंबरांनी नवरा-बायको दोघांचे पत्ते दिले. ते अर्धविरामाने जोडायचा बदल मी केला. पहिल्या फ्लॅटच्या ओळीवर करून पाहिलं, बरोबर गेलं. शनिवारी संध्याकाळी 84 फ्लॅटची बिलं सोडली आणि डोंबिवली लोकल पकडली.

ठाणे सुटेपर्यंत बावीस मिस्ड कॉल.

प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पत्त्यांचा व्हेरिएबल, म्हणजे मॅक्रो पत्ते साठवतो तो कप्पा, रिकामा करायची ओळ राहिली होती. म्हणजे 102 चं बिल 101 लाही, 103 चं आधीच्या दोघांनाही, असं साचत शेवटचं बिल अख्ख्या सोसायटीला. फ्लॅटमागे एकच पत्ता धरला तरी बिलं 3,570 वेळा पोचली! खजिनदार शेवटच्या मजल्यावर राहायचे. त्यांची पार्किंगची थकबाकी सगळ्यांनी वाचली, आणि ते दर मीटिंगला थकबाकीदारांची नावं बोर्डावर लावा म्हणायचे.

महिन्याभरात तीन सोसायट्यांनी दप्तर परत मागितलं. भागीदारही गेला, दोन गल्ल्या सोडून ऑफिस थाटलं, आमच्यापेक्षा कमी दरात. मॅक्रो त्याचा, मान्य. पण शीट माझं होतं, रकान्यांच्या रंगांसकट, आणि ते त्याच रंगांत तिकडे चालू आहे. चूक स्वतःची नव्हती असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. खरंच सांगतो, म्हणून जास्त लागतं.

त्यानंतरची वर्षं कामात गेली.

या धंद्यात नव्याने आलेल्यांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. आधी ‘सेंड’ लिहू नका, ‘डिस्प्ले’ लिहा. मेल नुसता समोर उघडतो. शीटची एक ओळ चालली म्हणून खूश होऊ नका, निदान तीन चालवा, एफ8 दाबत दाबत, म्हणजे मॅक्रो एकेक पायरीने पुढे जातो. शेवटी ‘पाठवलं’ असा रकाना ठेवून मॅक्रोलाच तारीख भरू द्या आणि तारीख असलेली ओळ सोडायला सांगा, म्हणजे मध्येच अडकलं तर पहिल्यांना परत जात नाही. फिल्टर लावून लपवलेल्या ओळींनाही साधा लूप, म्हणजे ओळीमागून ओळ घेणारी मॅक्रोची फेरी, मेल धाडतो, हे विसरू नका. आणि नव्या आउटलुकात एक्सेलचा हा मॅक्रो चालत नाही. आमच्या मशीनवर जुनंच ठेवलंय. मुलगा हसतो, हसू दे.

101 मध्ये सेक्रेटरी काका राहतात. त्या शनिवारी 84 बिलं त्यांच्याकडे आली होती. रविवारी सकाळी मी माफी मागायला गेलो, तर त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, “बस. 302 ची पावती चुकलीय, ती आधी बघ.” खरंच चुकली होती. सोसायटी आजही आमच्याकडे आहे. तिमाहीचं बिल गेलं की अर्ध्या तासात त्यांचा फोन येतो.

“आज माझंच आलंय ना रे?”