चकवा

१२ जुलै, पहाटे

पावणेतीनला जाग आली ती नखांच्या आवाजाने. फरशीवर टकटक, मग थांबणं, पुन्हा टकटक. आमची कुत्री ठमी माजघरातून पडवीत, पडवीतून माजघरात. दिवे गेलेले. बाहेर पाऊस, आणि त्याच्यामागे समुद्राची गाज. आमची वाडी थेट पुळणीला लागते, त्यामुळे पावसाळ्यात गुहागरात ती गाज रात्रभर उशाशीच असते.

बॅटरी घेऊन गेले, तर ठमी तांदळाच्या कणगीमागे तोंड खुपसून उभी. पुढे भिंत. मागे सरकलं की सुटका होते, एवढंच तिला आठवत नव्हतं. अंग थरथरत होतं. पोटाखाली हात घालून हलकेच मागे घेतली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ओळखलं नाही. मग माझा हात हुंगला. हात हुंगल्यावर शेपूट जरा हलली.

चौदा वर्षं झाली. आली तेव्हा पोफळीच्या विरीत मावायची.

सुरुवात वैशाखातच झाली होती, माझ्याच लक्षात आलं नाही. दार उघडायला सांगताना ती कडीच्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला जाऊन उभी राहायची. आम्ही म्हणायचो, म्हातारी झाली. मग एकदा आईंच्या बिछान्यावर मुतली आणि मी ओरडले. दोन दिवस बाहेर बांधून ठेवली. तिचं केविलवाणं भुंकणं अजून कानात आहे. त्या दोन दिवसांबद्दल मी तिची रोज माफी मागते.

चिपळूणच्या डॉक्टरांनी लगेच नाव दिलं नाही. आधी रक्त, लघवी, डोळे, कान, मागचे सांधे, सगळं पाहिलं. मूत्रपिंड बिघडलं किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी कुत्रं घरात घाण करतं, सांधे दुखले तरी रात्रभर फिरतं. ते सगळं बाजूला पडल्यावर म्हणाले, हा स्मृतिभ्रंश आहे. माणसाच्या अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-ॲमिलॉइड नावाचं जे प्रथिन साठतं, तेच इथेही साठतं. ठमी एकटी नव्हे, हेही कळलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत निदान एका प्रकारची लक्षणं दिसली होती. वाट चुकणं, झोपेची उलटापालट, घरात घाण, माणसांशी वागणं बदलणं. आपल्याकडे किती जणी अशा बाहेर बांधलेल्या असतील, हा विचार काही जात नाही.

सेलेजिलिनची गोळी सुरू आहे. अमेरिकेत ती कुत्र्यांच्या याच आजारासाठी १९९८ साली मंजूर झाली. गुण येतो का ते कळायला काही आठवडे थांबायचं. बरी होणार नाही, थोडी सावरेल, एवढंच. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. गोचिडांसाठी गुरांना लावतात ते अमिट्राझ हिला अजिबात लावायचं नाही, या गोळीबरोबर ते घातक ठरतं. आमच्या गोठ्यात ती बाटली कायम असायची. घरी आल्याबरोबर ती कपाटात कुलूपबंद केली. शेजारच्या काकी खोबरेल पाजायला सांगतात. या आजारावरच्या खास खाद्यात घालतात ते तेल वेगळं असतं, आणि नुसत्या खोबरेलाने हिचं पोट बिघडेल. काकींना ते पटत नाही, पण त्यांची माया खरी आहे.

माझी खरी भीती विहिरीची. कठडा गुडघ्याएवढा. परवा संध्याकाळी ती त्याच्याभोवती गोल गोल फिरताना दिसली आणि माझे पाय गळाले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी भर पावसात चिव्यांचा कूड करून चारी बाजूंनी लावला, वाडीच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, खाली माडाचे झाप बांधले. घरात आम्ही आता काहीच हलवत नाही. कणगीमागची फट आजच गोणपाट कोंबून बुजवायची. रात्री पडवीत बॅटरीचा मंद दिवा ठेवायचा, अंधारात ती जास्त बावरते.

आज तिला घेऊन पडवीत बसले, तर काठी टेकत आई आल्या. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"अगो, चकवा लागलाय हिला."

मी म्हटलं, "आई, मेंदूचा आजार आहे."

"असेल. पण चकवा लागला की चालायचं नाही. माझे वडील सांगायचे, असशील तिथे बस, उजाडेपर्यंत. वाट आपोआप दिसते."

"हिला बसायचंही सुचत नाही."

"मग तिच्यासाठी आपण बसायचं," म्हणाल्या, आणि खरंच माझ्याशेजारी बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, जमिनीवर त्या सहसा बसत नाहीत.

ठमी अजून दोन फेऱ्या मारून आली. मग आईंच्या लुगड्याच्या ओच्यावर हनुवटी टेकून पडली. आईंनी तिच्या कानामागे बोटं फिरवली, काही बोलल्या नाहीत. मला डुलकी लागली असावी.

जाग आली तेव्हा पाऊस ओसरला होता आणि माडांच्या शेंड्यांपलीकडे फटफटलं होतं. ठमी उठून दाराशी गेली होती, बिजागरीच्या बाजूला. शांत उभी होती. मी उठले, तिच्या मानेला हात लावून तिला कडीकडे वळवलं आणि दार उघडलं.